डोंगरातल्या उपचाराचे पैसे कोणी भरायचे?

१९४१ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अ‍ॅबरडोव्ही या छोट्या गावात 'आउटवर्ड बाउंड' नावाची शाळा सुरू झाली. तिथे ना पाठ्यपुस्तकं होती, ना गुणपत्रिका. महिनाभर मुलांनी शिडाची होडी हाकायची, डोंगर तुडवायचे आणि संकटात सापडलेल्याला सोडवायला शिकायचं, हाच अभ्यासक्रम. कल्पना कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाची. बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात १८८६ मध्ये जन्मलेल्या हानने १९२० मध्ये जर्मनीत सालेमची शाळा उभी केली, हिटलरला उघड विरोध केला, १९३३ मध्ये तुरुंग पाहिला आणि सुटल्यावर ब्रिटनमध्ये येऊन पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. अ‍ॅबरडोव्हीला पैशाचं बळ मिळालं ते लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाकडून. जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवत होत्या आणि अंगात ताकद असूनही तरुण खलाशी लाइफबोटीत जुन्या खलाशांइतका तग धरत नाहीत, अशी होल्टची खात्री झाली होती. तरीही त्याने या शाळेचं दार आपल्या कंपनीच्या उमेदवारांपुरतं राखून ठेवलं नाही. कारखान्यांतले शिकाऊ कामगार, पोलीस आणि अग्निशमन दलातले पोरसवदा उमेदवार, शाळकरी मुलं असे सगळे तिथे एकत्र आले.

या शाळेतून पुढे जगभर पसरलेली एक चळवळ उभी राहिली. डोंगर, नदी, वाळवंट किंवा समुद्र यांच्या सान्निध्यात काही दिवस काढले, तिथली कामं स्वतःच्या हातांनी निभावली, सोबत्यांची काळजी घेतली, तर मोडलेलं तरुण मन सावरू शकतं, हा तिचा विश्वास. कर्करोगातून उठलेली मुलं, किरकोळ गुन्ह्यांत सापडलेली मुलं, व्यसन किंवा नैराश्यात अडकलेली मुलं, युद्धावरून परतलेले सैनिक अशा अनेकांसाठी हे उपक्रम चालतात. त्यांना पैसा दोन वाटांनी मिळत आला. एक वाट देणगीची, दुसरी आईवडिलांनी भरलेल्या भरभक्कम फीची. डोंगर तेच, तंबू तेच, दिवसभराची चालही तीच. पण या दोन वाटा फार वेगवेगळ्या ठिकाणी पोचल्या. त्या का वेगळ्या झाल्या, हे तपासताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. अशा उपचाराचे पैसे जो भरतो, त्यालाच तो उपचार उत्तर देतो. म्हणून दात्याने मुलाचा खर्च उचलला एवढ्याने त्याचं काम संपत नाही. 'मला यायचंय' आणि 'मला नाही यायचं' हे दोन्ही म्हणण्याचा अधिकार त्या मुलाच्या हाती राहील, अशी व्यवस्था उभी करणं हे दानाचं खरं काम आहे.

शहरातल्या गरीब मुलांना मोकळ्या हवेत पाठवण्यासाठी वर्गणी काढणं ही गोष्ट हानच्याही आधीची आहे. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतली मुलं उन्हाळ्यात खेड्यांतल्या घरी राहायला जावीत, म्हणून १८७७ मध्ये विलार्ड पार्सन्स या धर्मोपदेशकाने सुरू केलेला 'फ्रेश एअर फंड' आजही चालू आहे आणि मुलांकडून पैसे घेत नाही. उपचार म्हणूनही हा प्रयोग जुना आहे. १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटलने आपल्या गर्दीने भरलेल्या वॉर्डांतले काही क्षयग्रस्त मनोरुग्ण हिरवळीवरच्या तंबूंत हलवले. क्षयाचा संसर्ग इतरांना होऊ नये, एवढाच हेतू होता. पण तंबूंतल्या रुग्णांची मनःस्थितीही सुधारली, म्हणून प्रयोग वाढवला गेला. पुढे वॉर्डात परत नेलेल्यांपैकी अनेकांची सुधारणा टिकली नाही. मोकळी हवा, लहान गट आणि जवळ वावरणारे कर्मचारी यांपैकी नेमका कशाचा गुण आला, हे तेव्हा कोणाला वेगळं करता आलं नाही. या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र त्या तंबूंनी तेव्हाच उभा केला: माणूस परत आला की पुढे काय?

अमेरिकेत आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा १९६२ मध्ये कोलोरॅडोत निघाली. ती केवळ श्रीमंतांच्या मुलांची राहू नये म्हणून शिष्यवृत्त्यांसाठी देणग्या गोळा करणं हे सुरुवातीपासूनच तिच्या कामाचं अंग होतं. त्याच दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात एक महत्त्वाचा अभ्यास झाला. फ्रान्सिस केली आणि डॅनियल बेअर यांनी गुन्ह्यांत सापडलेल्या ६० मुलांना सुधारगृहाऐवजी आउटवर्ड बाउंडला पाठवलं आणि तशाच दुसऱ्या ६० मुलांशी त्यांची तुलना केली. वर्षभराच्या आत डोंगरावर गेलेल्यांपैकी २० टक्के मुलं पुन्हा गुन्ह्यात सापडली. दुसऱ्या गटात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होतं. पण पुढच्या काही वर्षांत दोन्ही गटांतला फरक विरत गेला. या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग प्रत्येक संस्था आपल्या पत्रकात छापते. दात्याने लक्ष द्यावं ते दुसऱ्या अर्ध्या भागाकडे. महिनाभराच्या अनुभवाने मुलाला एक दिशा मिळते. पण घर, गल्ली आणि शाळा जशीच्या तशी असेल, तर त्या दिशेने चालत राहण्याचं बळ एकट्या त्या मुलाकडून मागणं अन्यायाचं आहे.

नंतरच्या संशोधनानेही आशा आणि सावधगिरी दोन्ही दिली. जॉन हॅटी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ९६ अभ्यासांचा, म्हणजे बारा हजारांहून अधिक सहभागींचा, एकत्र हिशेब मांडला. आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा, पुढाकार अशा गोष्टींत त्यांना बेताची पण खरी वाढ दिसली. विशेष म्हणजे शिबिर संपल्यानंतर ती ओसरण्याऐवजी थोडी आणखी वाढलेली आढळली. शिकवण्याच्या इतर अनेक पद्धतींत परिणाम काळाबरोबर ओसरताना दिसतो, म्हणून हा निष्कर्ष लक्षवेधी ठरला. डॅनियल बोवेन आणि जेम्स नील यांनी २०१३ मध्ये साहसाधारित उपचारावरचे १९७ अभ्यास तपासले. त्यांनाही मध्यम प्रतीचा आणि बऱ्यापैकी टिकणारा परिणाम दिसला. मात्र यातल्या अनेक अभ्यासांना तुलनेचा दुसरा गटच नव्हता, आणि उत्तरं बहुतेक सहभागींनी स्वतःच भरून दिलेली होती. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांनी नदीतून राफ्टिंगला गेलेले ७२ माजी सैनिक आणि गरीब वस्त्यांतली ५२ मुलं यांचा अभ्यास केला. निसर्गापुढे स्तिमित होण्याचा अनुभव ज्यांना जास्त आला, त्यांचा ताण आठवड्यानंतरही अधिक कमी झालेला दिसला. पण आठवडा म्हणजे आयुष्य नाही. पुरावा एवढंच सांगतो की या उपचारात तथ्य आहे. तो आपोआप गुण देतो असं मात्र कुठलाही अभ्यास सांगत नाही.

मग गुण येतो कशाने? या विषयावर पन्नास वर्षं काम करणाऱ्यांच्या उत्तरांत बरंच साम्य आहे. आठ-दहा जणांचा लहान गट, अनोळखी प्रदेश, आणि ज्याचा परिणाम लगेच समोर येतो असं काम. तंबू नीट लावला नाही तर रात्री भिजायला होतं. त्यासाठी कोणाला शिक्षा करावी लागत नाही आणि रागवावंही लागत नाही. दोर धरणाऱ्याच्या हातात सोबत्याचा जीव असतो, त्यामुळे आजवर ज्याच्याकडे फक्त 'समस्या' म्हणून पाहिलं गेलं, त्याच्यावर कोणीतरी पहिल्यांदा विसंबून राहतं. हानच्या विचाराचा गाभा हाच होता: तरुणाला स्वतःची किंमत कळते ती दुसऱ्याच्या उपयोगी पडल्यावर. पण ही सगळी किमया एका अटीवर उभी आहे. मुलाने ते काम आपलं मानलं पाहिजे. ढकलत नेलेल्या मुलाला कडा चढवता येईल, पण चढण्यातून जे उमगायचं ते त्याला कोणी उमगवून देऊ शकत नाही. म्हणून होकाराला मी सौजन्याचा भाग मानत नाही. उपचार लागू पडण्यासाठीच तो लागतो.

देणगीवर चालणाऱ्या चांगल्या संस्था पाहिल्या की हे लगेच लक्षात येतं. ब्रॅड लडन या कयाकपटूने २००१ मध्ये अमेरिकेत 'फर्स्ट डिसेंट्स' ही संस्था सुरू केली. कर्करोग झालेल्या १८ ते ३९ वयाच्या तरुणांना ती नदीत कयाकिंग, प्रस्तरारोहण, लाटांवर सर्फिंग अशा गोष्टींसाठी नेते आणि त्यांच्याकडून शुल्क घेत नाही. हा वयोगट निवडण्यामागे नेमकं कारण आहे. बालरुग्णांसाठी खेळण्यांनी सजवलेले वॉर्ड असतात, वयस्करांसाठी त्यांच्या वयाच्या सोबत्यांचे गट असतात. पंचविशीतल्या रुग्णाचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं अर्ध्यात थांबलेलं असतं आणि आसपास त्याच्या वयाचं कोणीच नसतं. ब्रिटनमध्ये एकटीने जगप्रदक्षिणा करणाऱ्या एलन मॅकआर्थर या दर्यावर्दी महिलेने २००३ मध्ये स्थापन केलेला न्यास कर्करोगातून सावरणाऱ्या मुलांना आणि तरुणांना शिडाच्या होडीतून समुद्रावर नेतो. पहिल्या सफरीनंतर पुन्हा येण्याची वाटही तिथे खुली असते. काही जण पुढे स्वयंसेवक होऊन नव्या मुलांना सांभाळतात. अशा ठिकाणी मुलाला कोणी 'सुधारायला' धाडलेलं नसतं. त्याने किंवा तिने येणं निवडलेलं असतं, आणि ते निवडणं शक्य झालेलं असतं ते कोण्या तिऱ्हाइताने खर्च उचलल्यामुळे. त्या दात्याला मुलाकडून काहीच वसूल करायचं नसतं; आज्ञाधारकपणाही नाही.

आता दुसरी वाट पाहू. १९६८ मध्ये युटा राज्यातल्या ब्रिगम यंग विद्यापीठात लॅरी डीन ओल्सन यांनी अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी वाळवंटात तग धरण्याचा एक अभ्यासक्रम सुरू केला. मुलांना त्याचा फायदा झाला असं दिसलं आणि त्याची कीर्ती पसरली. ऐंशीच्या दशकात त्याच कल्पनेवर युटा आणि आसपासच्या राज्यांत खासगी शिबिरांचा धंदा फोफावला. 'हाताबाहेर गेलेल्या' मुलाला काही आठवडे रानात ठेवायचं आणि त्यासाठी आईवडिलांकडून रोजचे शेकडो डॉलर घ्यायचे, असं त्याचं स्वरूप. मुलाने नकार दिला तर पगारी माणसं मध्यरात्री घरात शिरून त्याला अंथरुणातून उचलून नेत. पत्रं वाचली जात, फोन बंद असे. एकट्या १९९० मध्ये युटातल्या कंपन्यांच्या अशा शिबिरांत दोन किशोरवयीन मुली दगावल्या. त्यांच्यापैकी १६ वर्षांची एक मुलगी तळपत्या उन्हात चालून उष्माघाताने गेली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००७ मध्ये रानातली शिबिरं, निवासी उपचारकेंद्रं यांची चौकशी केली आणि दहा मुलांच्या मृत्यूंचा तपशील मांडला. एकट्या २००५ या वर्षात ३३ राज्यांनी अशा निवासी संस्थांतल्या १,६१९ कर्मचाऱ्यांचा मुलांच्या छळाच्या घटनांशी संबंध असल्याचं कळवलं होतं. तरीही धंदा चालू राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शिबिरात १२ वर्षांचा मुलगा दाखल झाल्यानंतर चोवीस तासांच्या आत गुदमरून मेला आणि राज्याने त्या संस्थेचा परवाना रद्द केला. संस्थांमधल्या बालछळाविरुद्धचा केंद्रीय कायदा व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

या मृत्यूंचा दोष काही क्रूर माणसांवर टाकून मोकळं होता येणार नाही. दोष रचनेत होता. पैसे देत होते घाबरलेले, थकलेले आईबाप. त्यांना हवा होता बदललेला मुलगा किंवा मुलगी, आणि तोही ठरलेल्या मुदतीत. मूल 'मला त्रास होतोय' म्हणालं तर ते ढोंग करतंय, असं आधीच त्यांच्या मनात भरवलेलं असे. म्हणजे ज्याच्यावर उपचार चालला होता, त्याचंच म्हणणं ऐकण्यात कोणाचाही फायदा नव्हता. तहान लागली, चक्कर येते, पाय सुजलाय ही वाक्यं आजाराची लक्षणं म्हणून ऐकण्याऐवजी बंडखोरीची लक्षणं म्हणून ऐकली गेली. शिबिर जितके दिवस लांबेल तितकी कमाई जास्त, हाही हिशेब होताच. फी भरून घेतलेला प्रत्येक उपचार वाईट असतो, असं मला म्हणायचं नाही. २०१६ मध्ये स्वखर्चाने आलेल्या मुलांवरच्या ३६ अभ्यासांचा आढावा निघाला, त्यातही अनेकांना फायदा झाल्याचं दिसतं. पण जिथे मुलाला उठून जायची सोय नाही, जिथे त्याचा आवाज बाहेर पोचत नाही आणि जिथे त्याच्या तक्रारीची किंमत शून्य आहे, तिथे चांगली माणसंसुद्धा हळूहळू बहिरी होतात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे, तोच 'नाही' म्हणतो. व्यसनात बुडालेला पोरगा आपणहून डोंगरावर कशाला येईल? होकाराची वाट पाहत बसलो तर फक्त आधीच सावरू लागलेली मुलं येतील आणि आकडे चांगले दिसतील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं असं की होकार हा एका क्षणाचा नसतो, तो मिळवावा लागतो. महिना-दोन महिने आधीपासून भेटी, एक दिवसाची चढाई, आधी जाऊन आलेल्या मुलांशी गप्पा यांतून विश्वास तयार होतो. त्याला पैसा आणि माणसं लागतात, आणि हाच खर्च दानातून व्हायला हवा. दुसरं उत्तर अधिक कठोर आहे. ज्याच्या जिवाला आत्ताच धोका आहे आणि ज्याला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करावं लागणार आहे, त्याची जागा रानात नाही, रुग्णालयात आहे. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अल्पवयीन मुलाला मनोरुग्णालयात दाखल करतानाही त्याची स्वतंत्र तपासणी करून घ्यायला लावतो आणि त्याच कायद्याने नेमलेल्या मंडळाला ७२ तासांच्या आत कळवण्याचं बंधन घालतो. चार भिंतींच्या आत, डॉक्टर-परिचारिकांच्या देखत एवढी तजवीज लागत असेल, तर जिथे तीन-तीन दिवस कोणी तिऱ्हाईत फिरकत नाही अशा रानात ती किती लागेल?

दुसरा आक्षेप पैशाच्या प्राधान्याचा. शाळेत समुपदेशक नाही, जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि आपण मुलांना डोंगर दाखवायला वर्गणी मागायची? हा प्रश्न रास्त आहे. एकाच पेटीत मर्यादित पैसे असतील, तर आधी समुपदेशक नेमावा, असंच मी सांगेन. पण दान क्वचितच असं एकाच पेटीतून वाटलं जातं. शिवाय काही तरुणांपर्यंत खोलीतला संवाद पोचतच नाही. समोरासमोर खुर्चीत बसून मनातलं बोल म्हटलं की ते मिटून जातात. चालताना, भांडी घासताना, शेकोटीपाशी लाकडं रचताना बोलू लागतात. समुपदेशकाची जागा डोंगर घेत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला कित्येकांना डोंगरावरून वाट मिळते, इतकंच. खर्चाचा बाऊही आपल्याकडे तितकासा खरा नाही. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांतून एसटीने काही तासांत सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचता येतं. विमानाने दूरच्या पर्वतरांगांत न्यावं लागणाऱ्या मुलांच्या तुलनेत आपल्या मुलांचा प्रवासखर्च नगण्य आहे. खर्च करायचा तो माणसांवर.

तिसरा आक्षेप माझ्याच मुद्द्याला भिडतो. संस्था दात्याच्या पैशावर चालली, तर ती दात्याला उत्तरदायी होणार. मग मुलाचं काय? खरंच आहे. आईबापांना बदललेलं मूल हवं असतं, तसं दात्याला छायाचित्र हवं असतं. मूल रडत आलं आणि हसत गेलं, अशी दोन चित्रं शेजारी छापली की देणगी वाढते. १९९० मध्ये ज्या शिबिरात ती १६ वर्षांची मुलगी मेली, त्याच्या नावातही 'फाउंडेशन' हा शब्द होता. तेव्हा नोंदणीच्या कागदावरून काहीच सिद्ध होत नाही. दानाचा फायदा एवढाच की त्याच्या अटी बदलता येतात. बाजारातला ग्राहक निकाल विकत घेतो. दाता निकाल न मागताही देऊ शकतो. ही मोकळीक दात्याने वापरली नाही, तर दोन्ही वाटांत फरक उरत नाही.

आपल्याकडे ही कसोटी शिखरापाशी लागते. मराठी समाज शिखरासाठी सढळ हाताने देतो. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट मोहीम केली, तेव्हा सामान्य नागरिकांपासून कंपन्यांपर्यंत अनेकांनी हातभार लावला. त्या यशाचा अभिमान योग्यच होता. २०१८ मध्ये राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली. जंगलात वाढलेल्या या मुलांनी काय करून दाखवलं, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यांच्या पराक्रमाला जराही कमी न लेखता एक प्रश्न विचारायला हवा. राज्यात शासकीय आश्रमशाळा सुमारे ५०० आहेत, अनुदानित त्याहून वेगळ्या. घरापासून दूर, वसतिगृहात एकटेपणा सोसणाऱ्या तिथल्या हजारो मुलांना शिखराची गरज नाही. वर्षातून काही दिवस ओळखीच्या प्रशिक्षकाबरोबर रानात जाण्याची, आणि तो प्रशिक्षक पुढच्या महिन्यातही भेटण्याची गरज आहे. पाच जणांची बातमी होते. पाचशे जणांच्या मनाचा आधार बातमीत मावत नाही, म्हणून त्याला दाता सापडत नाही.

कायदा आडवा येतो, ही सबब टिकणारी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला लावतं. त्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आणि आरोग्य दोन्ही आहेत. सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालणारा प्रकल्प त्यात बसतो, म्हणजे मुलांचा पाठपुरावा करायला पुरेसा अवधी मिळतो. पाच टक्क्यांची जी मर्यादा सगळे पुढे करतात, ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पातल्या प्रशिक्षकाचा पगार, त्याचं प्रथमोपचाराचं शिक्षण, समुपदेशकाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. कामाची माणसंही इथे आहेत. ऐन तारुण्यात काचबिंदूने दृष्टी गेलेले पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांची 'अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरिअर्स' ही संस्था अपंग आणि धडधाकट तरुणांना एकत्र साहसी खेळांत उतरवते. कोणी कोणावर उपकार करत नाही, हे त्या रचनेतच आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी नव्वदच्या दशकापासून खास दवाखाना चालतो, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने 'उगम' हा अशा तरुणांचा गट उभा आहे. गावोगावी गिर्यारोहण संस्था आहेत, दार्जिलिंग-उत्तरकाशीहून प्रशिक्षण घेऊन आलेले तरुण आहेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे. यांना एकत्र आणणारा आणि तीन-चार वर्षं सोबत राहणारा पैसा मात्र अजून नाही.

आणखी एक भान ठेवावं लागेल. अमेरिकेत ज्यांना 'निर्मनुष्य रान' म्हटलं गेलं, तिथून आधी मूळ रहिवाशांना हुसकावलेलं होतं. आपल्याकडचं रान तर कधीच निर्मनुष्य नव्हतं. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला महादेव कोळी राहतात, गडचिरोलीच्या जंगलात गोंड-माडिया राहतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा हक्क मान्य केला आहे. शहरातल्या मुलाच्या मनाला आराम देण्यासाठी त्यांच्या अंगणात जायचं असेल, तर वाटाड्याची मजुरी, मुक्कामाचा मोबदला आणि निर्णयात वाटा हे त्यांना द्यायलाच हवं. तसं झालं तर उपचाराचा दर्जाही वाढतो, कारण पाणी कुठल्या टाक्यात उरलंय आणि कुठल्या नाळेत दरड कोसळते, हे गावातल्या माणसाइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

म्हणून या दिवाळीत ज्यांच्या हाती द्यायला काही आहे, मग ती हजार रुपयांची वर्गणी असो की कंपनीचा कोटीचा निधी, त्यांना एक आग्रहाची विनंती. अशा संस्थेला पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. मुलाला 'नाही' म्हणता येतं का, आणि मध्येच परत जायचं म्हटलं तर सोय आहे का? सोबत जाणाऱ्या प्रशिक्षकाचं शिक्षण काय, त्याला वर्षभर पगार मिळतो की फक्त शिबिरापुरतं मानधन? आणि डोंगरावरून परतल्यावर सहा महिन्यांनी त्या मुलाला कोण भेटतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर एक रुपयाही देऊ नका, मग शिबिर कितीही देखण्या जागी असो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरं अपुरी असतील, तर तुमचे पैसे नेमके त्या दोन गोष्टींसाठीच द्या. छायाचित्र मागू नका, शिखराचं नाव विचारू नका. मूल पुन्हा यायचं की नाही हे स्वतः ठरवू शकलं, तर तुमचं दान सार्थकी लागलं.